पाया सोडून बोला

मोकळ्या प्लॉटवर फक्कीच्या रेषा पडल्या की नंदुरबारच्या कॉलनीत संध्याकाळपर्यंत समिती बसते. तिला कोणी बोलावलेलं नसतं, मात्र खुर्च्या आणि चहा घरमालकाकडूनच येतो. सभासदत्वाची अट एकच: माणसाने आयुष्यात एकदा तरी घर बांधलेलं असावं, निदान बांधणाऱ्याचा साडू तरी असावं. त्यात निवृत्त गुरुजी असतात, मिरचीचे व्यापारी असतात, सुरतेला दुकान असलेले मेव्हणे असतात. आणि एक गृहस्थ असे असतात की ते कोण, कुठले, हे घर पूर्ण झालं तरी कळत नाही. पण जिन्याच्या पायऱ्या विषम हव्यात हे त्यांनीच ठणकावून सांगितलेलं असतं.

रोमन स्थपती विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की वास्तुकाराला भूमिती आणि इतिहास तर यावाच, शिवाय संगीत, वैद्यक, कायदा आणि खगोलही कळावं. रोममध्ये असा माणूस शोधावा लागत असेल. आमच्याकडे तो चहाला स्वतःहून येतो. गुरुजी कायदा सांगतात (मार्जिन कशाला सोडता, पुढे दंड भरून होतंच), व्यापारी वैद्यक सांगतात (पलंग दक्षिणेला घ्या, गुडघे धरत नाहीत), आणि खगोल तर वास्तुवाल्यांच्याच ताब्यात आहे. शौचालयाच्या टाकीवर तीन वास्तुवाल्यांनी मिळून आठही दिशा बाद केल्या, तेव्हा टाकी शेजाऱ्याच्या प्लॉटात घ्यावी एवढीच सूचना शिल्लक राहिली होती.

या सल्ल्याचा एक विशेष आहे. तो कायम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल असतो. एलेव्हेशन, गेट, टाइल, पीओपी, मॉड्युलर किचन. जे जमिनीत जायचं आहे त्याबद्दल समिती मौन पाळते.

"पाया किती खोल घेऊ, गुरुजी?"

"मिस्त्री सांगेल तेवढा घ्या. एलेव्हेशनचं काय ठरलं?"

"माती काळी आहे हो इथली."

"मग पुढे पांढरा रंग द्या. उठून दिसेल."

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. जिल्हा म्हटल्यावर कलेक्टर कचेरी आली, कचेरीमागून कारकून आले, कारकुनांमागून गृहकर्ज आणि गृहकर्जामागून एन. ए. प्लॉट. कालपर्यंत जिथे कापूस उभा होता तिथे आज 'मातृछाया' आणि 'गुरुकृपा' उभ्या आहेत. कापूस गेला, कापसाची जमीन तिथेच राहिली. ही काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात आक्रसून अशी फाटते की भेगेत हात जावा. पिकाला ते मानवतं. घराला मानवत नाही, कारण माती सगळीकडे सारखी फुगत नाही: न्हाणीच्या कोपऱ्यात जास्त, ओट्याखाली कमी. मग त्या दोघांच्या भांडणात भिंत तिरपी फाटते.

यावरचे उपाय काही गुपित नाहीत. काळा थर संपून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. भरताना खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती परत ढकलायची नाही. मुरूम आणून, पाणी मारून, थराथराने ठोकायचा. काळा थर फारच खोल निघाला तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते असल्याच जमिनीसाठी विकसित केले. घराला लागून चारही बाजूंनी बाहेरच्या उताराची फरशी करायची, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायात मुरत नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण त्यात वाद घालायला जागा नाही, म्हणून समितीला रस नाही.

एका मालकाने मुरमाच्या ट्रॉल्यांचा हिशेब वाचून दाखवला, तर समितीतून आवाज आला, "मातीत पैसा कशाला गाडता आबा? त्यात स्टीलचं गेट येईल." आबांनी गेट घेतलं. पुढच्या पावसाळ्यात ते लागेना. गेट उत्तम होतं, खांब सरकला होता.

स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. त्या दिवशी समितीची उपस्थिती शंभर टक्के असते, कारण जेवणात गोड असतं. मिक्सर फिरू लागतो आणि मिस्त्री हाक देतो, "माल सरकी नही राहिना भाऊ, पानी मारू द्या!" आयएस ४५६ हे मानक असं सांगतं की एम २० च्या नेहमीच्या मापाच्या मिश्रणात ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असली तर त्याहूनही कमी. आमच्याकडे पाण्याचं माप म्हणजे पाइप. तो एकतर चालू असतो, नाहीतर लाइट गेलेली असते.

"बघा, कसा सरसर पसरतोय!" गुरुजी कौतुक करतात. पातळ माल पसरतो झकास, यात शंका नाही. पुढे जास्तीचं पाणी उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात वरचं पाणी त्यांतून खाली यायला लागतं. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो आणि स्लॅबमध्ये फुकट घातलेल्या पाण्याचे पैसे लावतो.

जिथे पाणी खरंच हवं तिथे मात्र ते सापडत नाही. कोरड्या, तापलेल्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस आणि मिश्र (ब्लेंडेड) सिमेंट असेल तर शक्यतो १४ दिवस ओलं ठेवा, असं तेच मानक सांगतं. आणि आमच्या एप्रिल-मे महिन्यांइतकी कोरडी तापलेली हवा त्या मानकाला दुसरीकडे कुठे मिळणार? स्लॅबवर क्यारे करून पाणी भरता येतं, त्यामुळे स्लॅब कसाबसा निभावतो. कॉलमला गोणपाट गुंडाळायचं कोणाच्या मनात येत नाही. मालक ऑफिसला जाता जाता हाताने शिंपडतो तेवढंच त्याच्या वाट्याला. चौथ्या दिवशी कोणीतरी कॉलमवर टकटक करून म्हणतं, "झाला की दगड!" आणि पाणी बंद होतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, खूर उचलतो, भोवरे मोजतो, पळवून पाहतो. तोच माणूस सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचत नाही. पावसाळाभर गोदामात बसलेल्या सिमेंटची ताकद उतरते, तीन महिने उलटलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये म्हणतात. पण दुकानदार सांगतो, "ताजंच आहे भाऊ, आजच गाडी खाली झाली." गाडी आजच खाली झाली हे शंभर टक्के खरं असतं.

वाळूचा विषय निघाला की समितीचा आवाज आपोआप उतरतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि गुणाकार करायचा, शाळेतलंच गणित. पण ट्रॉली रात्री येते, आणि अंधारात टेप लावणं बरं दिसत नाही. २०२३ मध्ये सरकारने डेपोवरून ६०० रुपये ब्रास असा दर जाहीर केला. तो दर सगळ्यांना पाठ आहे. त्या दराने वाळू घेतलेला सभासद अजून समितीत यायचा आहे.

"मजूर मिळत नाहीत" ही तर कायमची तक्रार. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग काठी गावची राजवाडी होळी. सातपुड्यातला माणूस त्या दिवसांत साइटवर थांबत नाही, थांबूही नये. तोवर आखाजी (अक्षय्य तृतीया) येते. "यांना कामाची किंमतच नाही," असं दिवाळीत आठवडाभर शटर न उघडणारे व्यापारी सांगतात. खरं तर धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी माणसं बांधकामावर गुजरातेत जातात. तिथल्या उंच इमारतींचे स्लॅब भरलेले हात इथे घमेलं उचलतात. अशीच एक बाई मिक्सरपाशी म्हणाली, "पाणी जास्त होतंय, दादा." मिस्त्री हसला, मेव्हणे हसले, आणि तिला घमेलं उचलायला सांगण्यात आलं. समितीच्या आजवरच्या कामकाजातला हा पहिला तांत्रिक सल्ला. तो कामकाजातून वगळण्यात आला.

माझाही एक वगळला गेला. लॉरी बेकर यांनी केरळात विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रुजवली. विटा पाव हिश्शाने वाचतात आणि आतली खोली थंड राहते. नंदुरबारच्या उन्हाला याहून स्वस्त उत्तर नाही, असं मी मांडलं. "पोकळीत उंदीर होतील," असं एकमताने ठरलं आणि पुढचा विषय एसीचा निघाला.

समितीचं कार्यक्षेत्र शहराच्या हद्दीत संपतं. तिकडे तोरणमाळच्या वाटेला, पाड्यावर घरकुल बांधणाऱ्याला सल्लागार मिळत नाही, फोटो काढणारा मिळतो. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर. मूळ अनुदान सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार. म्हणजे सिमेंट, सळई आणि खडी घाट चढवून, रस्ता संपला की पुढे डोक्यावरून न्यायची मजुरी सरकारी हिशेबात १० हजार रुपये होते. डोंगराचा इतका स्वस्त भाव कुठल्या ठेकेदारानेही लावला नसता. हप्ता येतो तो जिओ-टॅग केलेल्या फोटोवर. पाया फोटोत आला म्हणजे झालं. तो किती खोल आहे हे फोटोत येत नाही. आणि ज्या पाड्यावर रेंज नाही तिथे पाया खोदण्यापेक्षा फोटो चढवणं अवघड.

शेजारीच जुनं घर उभं असतं. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं. असं घर बांधायला पाडा जमतो, आणि जमलेला माणूस बसून बोलत नाही, कामाला लागतो. त्यामुळे समिती अशी तिथे होतच नाही. मे महिन्यात लोक नव्या पत्र्याच्या घरात कागदपत्रं ठेवतात आणि झोपायला जुन्यात जातात. दप्तरात या जुन्याला कच्चं घर म्हणतात. तापीकाठच्या गावांतली मातीची धाबीही त्याच यादीत गेली. पावसाळ्याआधी वर खाऱ्या मातीचा थर टाकायचा, की चार महिने निघायचे. हातभर जाड भिंतीत दुपारी पंखाही लागत नसे. पण धाबं राहू द्या, नुसती डागडुजी करा, असं म्हणणारा कोणी भेटत नाही. डागडुजीला एलेव्हेशन नसतं.

आबांच्या घराची वास्तुशांती थाटात झाली. आदल्या रात्री हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर निघालेली एक तिरपी भेग सापडली आणि तातडीची बैठक बसली. वास्तुवाले म्हणाले, नजर आहे. व्यापाऱ्यांनी उत्तम प्रतीच्या मिरच्या आणवल्या आणि लिंबासकट दारावर टांगल्या. गुरुजी म्हणाले, प्लास्टरची असेल. पायाचं नाव कोणी काढलं नाही, कारण तोवर पायावर ग्रॅनाइट बसलं होतं. शेवटी रंगाऱ्याने तोड काढली: भेगेच्या रेषेवरूनच त्याने हिरवीगार वेल रंगवली, मधूनमधून जांभळी फुलं. पंगतीला आलेल्या पाहुण्यांनी स्टीलच्या गेटपेक्षाही त्या वेलीचं कौतुक जास्त केलं.

पुढच्या मे महिन्यात वेल छतापर्यंत पोहोचली. समिती बघायला आली. मेव्हण्यांनी जवळ जाऊन बोट फिरवलं आणि विचारलं, "रंग कुठल्या कंपनीचा, आबा?"