दुसऱ्याचं पंक्चर

ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळच्या वेळी सायकलचं चाक बसलं, की माणूस आधी सावली शोधतो, मग पंक्चरवाला. दुकानं तशी आहेत, पण ती ट्रकवाल्यांची. टायरींच्या ढिगाआडून उत्तर येतं, "सायकलचं नाय करत." दिघ्याच्या आसपास मात्र अशा वेळी अप्पा हजर होतात. बोलवावं लागत नाही.

अप्पांची सगळी नोकरी याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात झाली. मशीन बंद पडलं की प्रॉडक्शनवाल्यांचे चेहरे पडायचे आणि अप्पांचा खुलायचा. ताटावरून उठून धावलेले आहेत ते ब्रेकडाऊनसाठी. रिटायर झाल्यावर घरात बंद पडण्यासारखं काही उरलं नाही. मिक्सर तर वहिनींनी त्यांच्या हाताला लागू नये म्हणून माळ्यावर टाकलाय. मग अप्पांनी सायकल घेतली. लोकांना वाटलं, तब्येतीसाठी.

सीटखालच्या पिशवीत टायर उचकटायचे दोन लिव्हर, पंधरा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, सोल्युशन, जुनी ट्यूब कापून केलेले गोल तुकडे, वॉल्वची रबरी नळी आणि मूठभर कापूस. कापूस कशाला, हे विचारायची चूक करू नये. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या तारा या रस्त्यावर पसरलेल्या असतात. त्या सायकलच्या टायरमध्ये शिरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बोट फिरवलं तर बोटातच घुसतात. आतून कापूस फिरवला की तंतू तारेला बरोबर अडकतो. "पंक्चर कोणीही काढेल," अप्पा म्हणतात, "कारण कोण काढणार? तार आत राहिली तर ऐरोलीच्या आधी पुन्हा बसशील."

परवा एका सिक्युरिटी गार्डची सायकल अशीच बसली. तो बिचारा म्हणाला, "काका, ड्युटीला उशीर होतोय, नुसती हवा मारून द्या." अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पोरगं गप्प बसलं. चाक निघालं, ट्यूब बाहेर आली. पाणी नव्हतं. अप्पांनी ट्यूब फुगवली, गालाजवळ धरली आणि डोळे मिटून हळूहळू फिरवत नेली. मध्येच थांबले. गालाला वारा लागला होता. बोटाने जागा धरून ठेवत त्यांनी शेजारी पाहिलं, तर तिथे दुसरं भोक. चेहरा उजळला. "जोडी आहे! हवा कमी ठेवून खड्ड्यात आपटलीस ना? रिमने चिमटा काढलाय." गार्डला आपण काहीतरी भूषणावह केल्यासारखं वाटलं असावं.

खरी परीक्षा पुढे असते. सोल्युशन लावल्यावर ते सुकू द्यावं लागतं. घाईचे लोक ओल्यावरच तुकडा चिकटवतात आणि घरी जाईपर्यंत तो सुटतो. तेवढ्या वेळात अप्पा गिऱ्हाइकाचं गाव, पगार, लग्न ठरलंय का, हे सगळं काढून घेतात आणि वर डनलॉपची गोष्ट सांगतात. बेलफास्टच्या त्या गुरांच्या डॉक्टरने 1888 मध्ये पोराच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला. त्याआधी रबर भरीव असायचं, पंक्चरच नाही. "काय मजा असेल हो त्यात?" हे अप्पा मनापासून विचारतात. पैसे घेत नाहीत. घेतले असते तर लोक लवकर सुटले असते.

12 जानेवारी 2024 ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं. ऐरोली नाहीतर ठाणे गाठण्याची कटकट संपली म्हणून सगळा दिघा खूश. अप्पा म्हणाले, "चांगलं झालं," आणि विषय बदलला. ऐरोलीला सायकल मारत जाणारी मंडळी आता लोकलमध्ये बसणार, हे त्यांना कळलं होतं.

तेव्हापासून रविवारी ते पाम बीच रोडला जातात. वाशी ते बेलापूर, एका बाजूला खाडी आणि खारफुटी, लांबवर दुकानाचा पत्ता नाही. अप्पांच्या भाषेत "एरिया चांगला आहे."

तिथेच परवाच्या रविवारी त्यांना एका हेल्मेटवाल्या पोराच्या टायरमध्ये चांगला दीड इंची खिळा दिसला. "थांब, थांब!" ओरडत त्यांनी त्याला गाठलं, पिशवीची चेनसुद्धा उघडली. पोराने शांतपणे खिळा उपटला. भोकातून पांढरं पाणी फसफसलं. त्याने चाक दोनदा गरकन फिरवलं, भोक खाली आणलं, जरा थांबला. फसफस बंद. "ट्यूबलेस आहे, अंकल. आत सीलंट असतं."

अप्पांनी वाकून ती जागा अंगठ्याने दाबून पाहिली. हवा येत नव्हती. पिशवीची चेन बंद करता करता त्यांनी विचारलं, "हे पाणी जन्मभर राहतं का रे?"

"नाही, काही महिन्यांनी सुकतं. परत भरावं लागतं."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात लवकर सुकतं."

"असं होय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "नंबर सांग तुझा. मेमध्ये कुठल्या बाजूला असतोस?"