पाच फुटांवरून बोला

झूम लेन्स जन्माला आली ती पाय वाचवण्यासाठी. कॅमेरा पुढे न्यायचा म्हणजे रूळ टाका, ट्रॉली चढवा, ढकलायला माणसं उभी करा आणि ती चहाला गेली की परत येईपर्यंत नटीचा मूड सांभाळा. त्यापेक्षा कॅमेरा जागेवर ठेवून आतल्या काचाच पुढेमागे सरकवल्या तर? प्येर आँजेन्यू या फ्रेंच माणसाने हे काम मनावर घेतलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सोळा मिलीमीटरच्या कॅमेऱ्यासाठी १२ ते १२० ची झूम बाजारात आणली. एकाच नळीत दहा पट मजल. १९६४ सालच्या ऑस्करच्या तांत्रिक पुरस्कारांत या दहापट झूमचा गौरव झाला. बातमीवाले, माहितीपटवाले, दूरदर्शनवाले सगळ्यांचे पाय तेव्हापासून वाचले.

माझे मात्र त्याच लेन्सपायी झिजले.

झूम हे हत्यार कोणाच्या हाती पडतं त्यावर सगळं आहे. ‘चारुलता’त सत्यजित राय ते जपून वापरतात. कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’साठी २४ ते ४८० ची वीसपट झूम मुद्दाम घडवून घेतली आणि एका चेहऱ्यापासून अख्ख्या माळरानापर्यंत इतका सावकाश मागे गेला, की मधल्या वेळात प्रेक्षकाने अठरावं शतक राहून घ्यावं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात हिंदी सिनेमाला झूम सापडली आणि कोणी काही म्हणायची सोयच उरली नाही. तार आली, झूम. डॉक्टरांनी चष्मा काढला, झूम. आईला मुलगा सापडला, आधी आईवर, मग मुलावर, मग लॉकेटवर. माझी पिढी हे बघत वाढली, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने ‘काय?’ म्हटलं की माझी मान आपोआप पुढे जाते.

तरीही आँजेन्यूची ती जुनी झूम मला हवीच होती. पण जुन्या झूमच्या जाहिराती वाचायला वधूवरांच्या जाहिराती वाचायचा सराव लागतो. ‘वयोमानानुसार किंचित धूळ’ म्हणजे समोरच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. ‘जुन्या सिनेमाचा मऊपणा’ म्हणजे आत धुकं. ‘शोभेसाठीही उत्तम’ म्हणजे फक्त शोभेसाठी. आणि ‘टेस्ट केलेली नाही’ याचा अर्थ केली आहे, म्हणूनच विकतोय. शेवटी मी चोरबाजार गाठला. तिथे निदान टॉर्च मारून आत बघता येतं. मी टॉर्च मारला. आत बरंच काही तरंगत होतं. दुकानदार शांतपणे म्हणाला, “साहब, ये फ्रान्स का धूल है.”

यापुढे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

लेन्स घेतली म्हणजे काम झालं असं नाही, ती बसली पाहिजे. माझीवर ॲरी कॅमेऱ्याचा जुना माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर अडकवायचं कडं होतं, कॅमेरा आजचा. ॲडाप्टरच्या शोधात मी फोर्टपासून दादरपर्यंत जी पायपीट केली, तेवढ्यात ट्रॉलीचे रूळ टाकून झाले असते. बसल्यावर चित्राच्या चारी कोपऱ्यांत काळोख. साहजिकच आहे. सोळा मिलीमीटरची चौकट जेमतेम १०.२६ बाय ७.४९ मिलीमीटर, माझा सेन्सर १७.३ बाय १३. म्हणजे महागाचा सेन्सर घ्यायचा आणि त्यातला मधला तुकडा वापरायचा. मुंबईत घर घेणाऱ्याला कार्पेट एरिया ठाऊक असतो, त्यामुळे मला विशेष धक्का बसला नाही.

मग बुरशी. मुंबईचा पावसाळा आणि काचेवरचं कोटिंग यांचं जुनं वैर आहे. गिरगावातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी लेन्स उघडली, भिंगातून न्याहाळली आणि म्हणाले, “ही बुरशी तुमच्यापेक्षा मोठी आहे, जरा मान ठेवून बोला.” ती त्यांनी पुसली, पण परत येऊ नये म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल सांगितलं. घरात नीट हवाबंद डबा एकच, चकलीच्या भाजणीचा. भाजणी पिशवीत गेली, आँजेन्यू डब्यात. जेलचे निळे दाणे ओल धरून गुलाबी झाले की आई मला हाक मारते. त्या हाकेत प्रेम नसतं.

या लेन्सचा खरा विनोद तिच्या बाहेरच्या कड्यावर कोरलेला आहे. पाच फूट. त्याहून जवळचं तिला दिसत नाही. क्षितिजावरचं जहाज टिपेल, पण समोर वरण वाढणारा माणूस धूसर. चाळीतल्या स्वयंपाकघरात ओट्यापासून पाच फूट मागे सरकलं की मी उंबऱ्याबाहेर गॅलरीत असतो आणि चित्रीकरणातून शेजारचे पाटील बादली घेऊन जातात, दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून.

तिथूनच मी आत्याचं चित्रीकरण केलं. पुरणपोळीची कृती. १२० वर फक्त नाक आणि नथ, सुईसारखी स्वच्छ. तिथून हळूहळू १२ वर आलो तर आत्या, परात, पोळपाट सगळं विरघळलेलं. यात काचेचा दोष नसतो. माउंट आणि सेन्सर यांतलं अंतर काही शतांश मिलीमीटरने चुकलेलं असतं. लांबच्या टोकाला तेवढं खपतं, रुंद टोकाला अजिबात खपत नाही. दुरुस्तीवाल्या काकांनी मधे शिम म्हणजे एक पातळ चकती घातली, पैसे घेतले आणि दोन्ही टोकं जुळवून दिली. मी पुन्हा गॅलरीत उभा राहिलो, पाटील पुन्हा गेले, आणि या वेळी परातीवरचा पोचासुद्धा मोजून घ्यावा असा आला.

दोन्ही चित्रणं आत्याला लागोपाठ दाखवली. पहिलं तिने दोनदा बघितलं. दुसरं सुरू होताच तिने स्वतःच्या कपाळावरच्या रेघा बघितल्या, चष्मा काढला, आणि म्हणाली, “ही नवी लेन्स टाकून दे. ती आधीची फ्रान्सची होती ना, तीच बरी.”