बिनव्हिसाचे गाववाले

जगातल्या बाकीच्या वाहनांत पैसे देणारा बसतो आणि पैसे घेणारा चालवतो. सी-कयाकमध्ये पैसेही आपण द्यायचे आणि वल्हवायचंही आपणच. वाटाड्या आपल्या वेगळ्या कयाकमधून शीळ घालत पुढे जातो, अधूनमधून मागे वळून 'गुड, गुड' म्हणतो. त्या दोन 'गुड'चे पैसे.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, काश आणि देमरे यांच्या मध्ये, केकोवा नावाचं लांबट, निर्मनुष्य बेट आहे. भूकंपांत जमीन खचली आणि बेटाच्या काठावरचं प्राचीन लिशियन लोकांचं गाव समुद्रात गेलं. कड्यात खोदलेल्या पायऱ्या आजही पाण्यात उतरतात. कुठे अर्धी भिंत, कुठे घराचा चौथरा. समोरच्या उचआझ गावातून आमची वरात निघाली. दोन माणसांच्या कयाकमध्ये पुढच्यानं लय धरायची आणि मागच्यानं पायाखालच्या पेडलनं सुकाणू फिरवायचं, असा नियम आहे. ही मालवणची, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत पुढची जागा तिला आपोआप मिळाली. मी पुण्याचा, मला मुठेचा अनुभव.

कयाकमध्ये नवख्याला मागे वळून बघता येत नाही, नाव डगमगते. त्यामुळे नवराबायकोला एकमेकांचं तोंड न बघता भांडता येतं.

"अहो, डावीकडे घ्या."

"डावीकडेच घेतोय."

"मग तो खडक आपल्याकडे का येतोय?"

खडक गेली दोन हजार वर्षं जागचा हललेला नाही, हे मी वाटाड्याकडून ऐकलं होतं. पण पुराव्यानं असे वाद मिटत नाहीत.

बुडालेल्या गावावर पोचलो, तर तिथे पोहायला बंदी! हा सगळा टापू 1990 पासून संरक्षित आहे. पाण्याखालचं गाव बघायला आलेल्यानं पाण्यात उतरायचं नाही, यावर आमच्या गटातले एक जर्मन गृहस्थ फार नाराज झाले. आम्ही मात्र शांत होतो. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, हे जाणणाऱ्या माणसाला केकोवा लगेच समजतं. इथे सगळ्यांनाच मुखदर्शन. मोठ्या बोटी लांबून जातात, कयाक पायऱ्यांच्या बरीच जवळ सरकते. एवढी सोय वल्हवण्याच्या मजुरीत धरलेली असावी.

पुढे कालेकोय हे गाव. रस्ता नाही, बोटीनं या, नाहीतर चालत या. वर किल्ला, खाली उथळ पाण्यात उभी असलेली एक लिशियन दगडी शवपेटी. "बघा," ही म्हणाली, "मेल्यावरसुद्धा सी-व्ह्यू."

पोहायची परवानगी असलेल्या एका खाडीत शेवटी स्नॉर्केलिंग सुरू झालं. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकायचं आणि बोटानं चोळायचं, असं वाटाड्यानं सांगितलं. 'येथे थुंकू नये' वाचत लहानाचा मोठा झालेला मी. परदेशात एक सुशिक्षित तरुण मला थुंकण्याचा आग्रह करत होता. थुंकलो. पण मास्क मिशीवर नीट बसेना, कडेनं पाणी आत. वाटाड्यानं उपाय सुचवला : मिशी काढा. मी त्याला पाणी काढणं सोपं आहे, असं सांगितलं.

एक मात्र खरं, या समुद्रात माणूस सहज तरंगतो. पूर्व भूमध्यात बाष्पीभवन फार आणि नद्यांचं पाणी कमी, त्यामुळे किलोभर पाण्यात सुमारे 39 ग्रॅम मीठ. आपल्या अरबी समुद्राहूनही खारट. शिवाय भरती-ओहोटी नावापुरती. मालवणात सकाळी पाय बुडवलेला दगड दुपारी कोरडा सापडतो. इथे समुद्र दिवसभर हजेरी लावून जागेवर बसलेला.

तोंडात नळी असली की बोलता येत नाही, हा गैरसमज. हिच्या "हूं हूं हूंऽ" एवढ्यातून 'लांब जाऊ नका, तिकडे खडकाजवळ बघा' हे मला स्पष्ट कळलं. खडकाच्या कपारीत पट्ट्यापट्ट्यांचा, पिसारा फुलवलेला एक लायन फिश दिमाखात उभा होता. काटे विषारी, दुरूनच नमस्कार.

वर येऊन हे सांगितल्यावर वाटाड्याचा चेहरा पडला. म्हणाला, हा इथला नव्हेच. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातली मंडळी इकडे शिरू लागली. आता पाणीही तापतंय, त्यामुळे यांना घरच्यासारखं वाटतं. विषारी पफर फिश तर कोळ्यांची जाळी फाडतो. त्याची शेपटी आणून दिली की सरकार पैसे देतं. "सगळे हिंदी महासागराकडचे," असं म्हणून त्यानं आमच्याकडे जरा रोखून पाहिलं.

"म्हणजे आपले गाववाले!" ही आनंदून म्हणाली. आम्ही व्हिसासाठी फॉर्म, फोटो आणि बँकेचे कागद जमवत हैराण झालो होतो. हे गृहस्थ सहकुटुंब कालव्यातून आले आणि कायमचे राहिले.

लायन फिशवर उपाय एकच, वाटाड्या म्हणाला : काटे काढून तो खायचा. आलेला पाहुणा जात नसेल तर काय करावं, यावर आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झालेली आहे, पण ही तोड कुणाला सुचली नव्हती.

"करता कसा?" हिनं विचारलं.

"ग्रिल करतो. लिंबू, ऑलिव्ह तेल."

हिनं माझ्याकडे अत्यंत करुणेनं पाहिलं. "अहो, सांगा त्याला, लिंबावर हे मासे कमी व्हायचे नाहीत. आगळ आणि तिरफळं पाठवते म्हणावं. मग बघू दे, कपारीत किती उरतात ते."