तालुका कचेरीत बोलावे कसे

कोणास कोणत्या मायन्याने पत्र लिहावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात केव्हाच निकालात काढला आहे, आणि तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार व चिरंजिवांस आशीर्वाद लिहिण्यात परवापरवापर्यंत कोणाची चूक होत नसे. तोंडी व्यवहारास मात्र असे मेस्तक नाही, व ही उणीव जितकी तालुका कचेरीच्या खिडकीशी भासते तितकी अन्यत्र भासत नाही. सबब, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपले नाव लागावे अशी रास्त इच्छा धरणाऱ्या अर्जदारांच्या उपयोगार्थ हे मार्गदर्शन सादर आहे.

प्रथम संबोधन. दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई वयाने आपल्याहून लहान असला तरी तो 'मामा' होय. आतले कारकून व तलाठी हे 'भाऊसाहेब', आणि पडद्यामागचे तहसीलदार हे 'रावसाहेब'. ही नाती रक्ताची नसून दप्तराची असल्यामुळे ती जोडताना संकोच नसावा. मात्र मामांस 'रावसाहेब' म्हटल्यास ते खुलतात आणि रावसाहेबांस 'मामा' म्हटल्यास पुढची तारीख पडते, एवढे तारतम्य ठेवावे.

संबोधन साधले की भाषेचा थाट. भाऊसाहेब मान वर न करता "नोंद प्रलंबित आहे" एवढेच बोलले, तर "आवो, आजून किती हेलपाटं मारायचं?" हा ओठांवर आलेला प्रश्न गिळून, त्यांच्याच संथ, खालच्या पट्टीत, "हरकतीची १५ दिवसांची मुदत उलटूनही प्रलंबित असावी, हे आश्चर्यच, भाऊसाहेब," असे म्हणावे. आपलाच शब्द परक्या तोंडून ऐकताच त्यांची मान वर होते, चष्मा कपाळावर जातो, आणि समोरचा इसम दप्तरी मराठी जाणतो, अर्थात वरिष्ठांकडे लेखी तक्रारही करू जाणतो, हा विचार त्यांच्या मुद्रेवर उमटतो. हॉवर्ड जाइल्स प्रभृती मानसशास्त्रज्ञ समोरच्याच्या बोलण्याशी जुळवून घेण्याच्या या वृत्तीचे मूळ त्याची पसंती मिळवण्याच्या इच्छेत पाहतात. कचेरीत ती इच्छा ऐच्छिक नसते, एवढीच त्या शास्त्रात आमची भर.

जुळवून घेण्यास अर्थातच हद्द आहे. साहेब नागपूरकडून बदलून आले म्हणून सातारच्या अर्जदाराने "मी अर्ज करून राहिलो" असे म्हणू नये. साहेब त्यात आपुलकी न पाहता नक्कल पाहतील, आणि बरोबरच पाहतील. हाच प्रमाद खिडकीच्या पलीकडूनही घडतो. धोतर-टोपीतला वृद्ध दिसला की नवा अधिकारी एकाएकी आवाज चढवून, अक्षर अक्षर सुटे करून, "आजोबा, इथं अंगठा, अं-ग-ठा!" असे समजावू लागतो, आणि आजोबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, कानांनी ठणठणीत असे निघतात. अशा वेळी त्यांनी खिशातले पेन काढून, टोपण सावकाश उघडून, संपूर्ण नावाची सही करावी. बोलू काहीच नये.

ताठ कधी व्हावे, हेही सांगितले पाहिजे. वेल्श भाषा शिकणाऱ्या मंडळींना उच्चभ्रू इंग्रजी उच्चारांच्या एका आवाजाने, ही मरू घातलेली भाषा शिकता कशाला, अशा अर्थाचे डिवचले, तेव्हा उत्तर देताना त्यांचे वेल्श हेल अधिकच ठळक झाले, असे जाइल्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले. तद्वत भाऊसाहेबांच्या तोंडून "तुम्हा खेड्यातल्या लोकांना कायदा कळत नाही" हे उद्गार निघताच अर्जदाराने प्रमाण मराठीचा अंगरखा उतरवून ठेवावा आणि रांगेतल्या चौघांना ऐकू जाईल अशा बेताने, आपल्या गावच्या खणखणीत बोलीत, जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५० काय सांगते ते त्यांनाच विचारावे.

इतके करूनही गोड बोलण्यावर वा कडक बोलण्यावर विसंबून खिडकी सोडू नये; अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यावा, आणि मगच परतीची एस.टी. गाठावी.