पगार किती ग्रॅम?

हुपरीत रिकाम्या माणसाला बसायला जागा मिळत नाही. म्हणजे जागा भरपूर असते, पण बसलं की दोन मिनिटांत कुणीतरी पुढ्यात चांदीच्या कड्यांचं ताट सरकवतं आणि म्हणतं, "बसलाईस न्हवं? मग एवढ्या जुळीव." चांदीच्या या गावात शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून घुंगरं ओवायला बसतं. नजर अधू झालेली आजी जमिनीवर सांडलेले बारीक तुकडे बोटांनी चाचपून डबीत भरते. इथलं पैंजण देशातल्या कुठल्या कुठल्या पायांत वाजतं, आणि ते घडवायला घरातलं झाडून सगळं माणूस लागतं.

अशा गावात मी सून म्हणून आले ती बेकार. पायात सासरच्या कारखान्यातलं पैंजण, हातात बेळगावातून मिळवलेली बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी, आणि नोकरी नाही. सुकून गेलेल्या तान्ह्या बाळाच्या हाताची शीर मी अंधुक उजेडातही शोधू शकते. सासूबाईंना त्याचं कौतुक वाटलं. "मग तार ओढाय जमंल की तुला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा रुपयांत विचार करत नाहीत. शाळेची फी, मांडवाचं भाडं, दिराची मोटारसायकल, सगळं ते मनातल्या मनात ग्रॅममध्ये करून घेतात आणि मगच त्यांना ते स्वस्त की महाग ते कळतं. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर हिशेब सोपा झाला आहे. शंभराची नोट म्हणजे एक ग्रॅमही नाही. मला पहिल्यांदा एका छोट्या दवाखान्यातून विचारणा आली तेव्हा मामांनी वर्तमानपत्र खाली न घेताच विचारलं, "किती देत्यात?"

"नऊ हजार."

वर्तमानपत्र खाली आलं. "नव्वद ग्रॅम बी न्हाई? म्हयनाभर रातपाळी करून? अगं, माझ्या भट्टीत घट जातीया तेवढी!"

मी त्यांना सांगितलं, की २०१६ साली केंद्र सरकारच्या समितीनं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या, खाजगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराचं सुचवून ठेवलं आहे. दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासच्या आत खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे भाव फुटलाय, पर बाजारात माल त्या भावानं कोण घेईना." सगळ्या समितीचं सार त्यांनी एका दमात सांगितलं आणि चहा मागवला.

पगाराचा प्रश्न निदान समजण्यासारखा तरी होता. नोंदणीचं प्रकरण मामांच्या कुठल्याच तागडीत बसेना. नर्सची नोंदणी राज्याच्या कौन्सिलकडे असते. मी निपाणीची, शिकले बेळगावात, त्यामुळे माझी नोंदणी कर्नाटकाची, म्हणजे बेंगळुरूला. हुपरीच्या आसपास नोकरी करायची तर नोंदणी पाहिजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, म्हणजे मुंबईला. त्यासाठी बेंगळुरूनं मुंबईला कळवायचं असतं, की ही बाई खरंच शिकलेली आहे, आमच्या वहीत तिचं नाव आहे, आणि ती तुमच्याकडे यायला आमची हरकत नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा लग्नात एवढं लेखी दिलेलं नव्हतं.

निपाणी ते हुपरी अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर. आमची लग्नाची गाडी कोगनोळीच्या नाक्यावरून आली तेव्हा कुणी हात करून थांबवलंसुद्धा नाही. रुखवत, लोखंडी कपाट, मिक्सर, पाठराखीण म्हणून आलेली आणि मग पंधरवडाभर राहिलेली माझी आत्या, सगळं बिनबोभाट महाराष्ट्रात दाखल झालं. एकट्या पदवीला मात्र सहाशे किलोमीटर खाली बेंगळुरूला जाऊन, तिथून उलटं मुंबईला पोचून, मग पुन्हा चारशे किलोमीटरवर हुपरीला यायचं होतं. आता अर्ज ऑनलाइन भरता येतात म्हणून हे सगळं घरबसल्या होतं, पण फोनवर फिरणाऱ्या त्या गोल चक्राकडे बघत बसणं हासुद्धा एक प्रवासच आहे. शिवाय तो उभ्यानं करावा लागतो, कारण आमच्या घरी रेंज फक्त जिन्यात येते.

आणि निपाणी मुळात कुणाची? महाराष्ट्र पहिल्यापासून म्हणतो आहे, आमची. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ सालच्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्या असं म्हटलंही होतं. पण त्यात बेळगाव नव्हतं, म्हणून महाराष्ट्रानं तो अहवालच नाकारला. (तत्त्व म्हणून बरोबरच केलं. पण तेव्हा निपाणी तेवढी पदरात पाडून घेतली असती तर माझा ना-हरकतीचा खर्च वाचला असता, एवढंच माझं म्हणणं आहे.) २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर महाराष्ट्राच्या सरकारी भरतीच्या जाहिरातींत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांना अधिवासाची सवलत असते. म्हणजे सरकारच्या लेखी मी जन्मापासून महाराष्ट्राची आहे. माझं शिक्षण तेवढं परराज्यातलं.

हे मामांना समजावून सांगताना माझी दमछाक झाली. त्यांचा मुद्दा साधा होता. "चांदीवर हॉलमार्क एकदा मारला की त्यो इथंबी चालतोय आन् कन्याकुमारीतबी चालतोय. तुमच्यावर मारल्याला का चालंना?" मी म्हटलं, चालेल. नर्सिंगच्या १९४७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ साली नवा कायदा झाला आहे, त्यात सगळ्या देशातल्या नर्सची एकच नोंदवही ठेवायचं म्हटलं आहे. "मग झालं की!" मामा म्हणाले. मी म्हटलं, कायदा झाला आहे, वही व्हायची आहे. सरकारी ऑर्डरचा अनुभव असल्यामुळे मामांनी पुढं विचारलं नाही.

दरम्यान आजेसासूबाईंची हरकत निराळीच निघाली. "रातच्याला बाईमाणसानं दवाखान्यात ऱ्हायचं म्हंजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हुपरीत अशी वाक्यं पुरी करायची पद्धत नाही. मी त्यांना डॉ. कृष्णाबाई केळवकरांची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात त्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. आज आपण ज्याला सीपीआर दवाखाना म्हणतो तेच हे. तेव्हाही बाळंतपणं रात्रीचीच येत असणार. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिचं लगीन झाल्तं?" मी विषय बदलला.

पण नोकरी नव्हती म्हणून काम नव्हतं असं कुणी समजू नये. 'सुनबाई नर्स हाय' ही बातमी गल्लीत फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरायच्या आत ओसरीवर तिघीजणी बसलेल्या होत्या. एकीला बीपी बघून पाहिजे होतं. दुसरीकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन होतं, आणि ते टोचायला जाण्याचे पैसे तिला वाचवायचे होते. तिसरीला काहीच झालेलं नव्हतं, ती पहिल्या दोघींना काय झालंय ते बघायला आली होती. पुढे ही ओपीडी वाढत गेली. ज्योतीवर दिवसभर झाळणकाम करणाऱ्यांचे डोळे, मान वाकवून वाकवून अवघडलेले खांदे, ॲसिडच्या वाफेनं धरलेला खोकला, चटका बसलेली बोटं. मी परोपरीनं सांगायची, की मावशी, मला गोळी लिहून देता येत नाही, ते डॉक्टरचं काम. मावशी म्हणायच्या, "लिवू नगंस, तोंडानं सांग."

फी ठरलेली नव्हती. वांगी यायची, शेवग्याच्या शेंगा यायच्या, पाटणकोडोलीच्या यात्रेहून येताना भंडारा आणि मेवामिठाई यायची. एका कारागिरानं पोराची जखम महिनाभर बांधून दिल्याबद्दल मला जोडवी दिली. मामांनी ती हातात घेऊन वजन अंदाजलं आणि गंभीरपणे म्हणाले, "त्या नऊ हजारवाल्यापरीस ह्यो गिऱ्हाईक बरा."

मग जर्मनीचं निघालं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सही होत्या. नवऱ्यानं रात्री सगळी माहिती काढली. जर्मन भाषेच्या पायऱ्या असतात, नर्स म्हणून मान्यता मिळवायला बी-टू पायरी चढावी लागते, मग तिथं पगार युरोत. मामांनी युरोचेही ग्रॅम केले आणि काही वेळ कुणाशी बोलले नाहीत. सासूबाई सांडगे किती लागतील त्याचा अंदाज घेऊ लागल्या. तेवढ्यात नवऱ्यानं फोनवर बघत सहज सांगितलं, की त्याच राज्यात फॉर्त्सहाइम नावाचं शहर आहे, १७६७ पासून तिथं दागिने आणि घड्याळं बनतात.

"दागिनं?" मामा उठून बसले. "चांदीचं बी? मजुरी काय हाय तिथं?"

त्या रात्री माझ्या नोकरीवर पुढे चर्चा झाली नाही. फॉर्त्सहाइममधल्या बायका पैंजण घालतात का, आणि घालत नसतील तर त्यांना कोण सांगणार, यावर झाली. मी जर्मनीला गेले नाही. बी-टूच्या पायरीपर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि फी यांचे ग्रॅम मी स्वतःच केले होते.

शेवटी मुलाखतीला गेले ती एका बऱ्यापैकी दवाखान्यात. नाव सांगत नाही, कारण तिथं सगळी माणसं अजून माझ्याशी चांगली बोलतात. डॉक्टरांनी अनुभव विचारला. मी म्हटलं, नाही. "अनुभव नसलेल्यांना आम्ही घेत नाही." मी विचारलं, मग तो कुठं मिळतो? "कुठंतरी काम करून." हे उत्तर प्रत्येक मुलाखतीत मिळतं. ते देणाऱ्यांना पहिली नोकरी कुणी दिली असेल, याचं मला फार कुतूहल आहे. मग लग्न झालंय का, रात्रपाळी करणार का, मूलबाळ कधी, असे घरचे प्रश्न झाले. मी माझ्या फाइलला हात घातला होता, तेवढ्यात बाहेर गलका झाला. चिकोडीकडचा एक म्हातारा सलाइन ओढून उठून बसला होता, कन्नडमध्ये तावातावानं काही बोलत होता. त्याचा मुलगा चहाला गेलेला. भोवती चौघी सिस्टर उभ्या, आणि चौघी त्याला मराठीतून मोठ्यानं 'झोपा' म्हणत होत्या. मोठ्यानं बोललं की कळतं, असा आपल्याकडे सगळ्याच भाषांबद्दल समज आहे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "एनागेत्री, अज्जा?"

अज्जा थांबला. त्याला लघवीला जायचं होतं. सकाळपासून.

कोल्हापूर, मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून येणारे पेशंट थोडेथोडके नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण ज्या राज्याच्या नोंदणीनं माझी नोकरी अडवून धरली होती त्याच राज्याची भाषा ती मिळवून देईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, महाराष्ट्राची नोंदणी हातात आली की रुजू व्हा. अठरा हजार देऊ. घरी येऊन सांगितलं.

"एकशे ऐंशी ग्रॅमच्या आतच की," मामांनी हिशेब केला. मग जरा विचार करून म्हणाले, "पर ह्यो झाला नर्सिंगचा दर. कानडीची घडणावळ धरलीया का त्यात?"

धरली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी फोन करून तसं विचारलं, अर्थात घडणावळ हा शब्द न वापरता. दोन हजार वाढले. समितीनं जे सुचवलं होतं ते २०१६ नंतर एवढ्या वर्षांनी माझ्यापुरतं मामांनी अमलात आणलं.

यथावकाश बेंगळुरूची हरकत नसल्याचं मुंबईला कळलं, मुंबईनं मला वहीत घेतलं आणि मी रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात वॉर्डात निपाणीच्या, आमच्या माहेरच्या आळीतल्या काकू भरती झाल्या. मला पांढऱ्या कपड्यांत बघून त्यांना भरून आलं. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते.

"तू हिकडं कुठं ग?" त्या म्हणाल्या. "तिकडं निपाणीत नवा दवाखाना झालाय. आपल्या घराच्या मागंच. नर्स पायजेत म्हणून बोर्ड लावलाय, पगार बी चांगला हाय म्हणं. फकस्त नोंदणी कर्नाटकाची पायजे."

मी पट्ट्यात जरा जास्तच हवा भरली आणि म्हटलं, "काकू, बोलू नका, आकडा चुकतो."