चढू नये म्हणून बांधलेल्या गडावर

जुन्नर तालुक्याच्या पूर्व कडेला, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर वसलेल्या आणे या गावावर दुर्गपर्यटनाच्या दृष्टीने मोठाच अन्याय झालेला आहे, कारण ज्या तालुक्यात शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, सिंदोळा आणि नारायणगड अशी किल्ल्यांची रांगच उभी आहे, त्याच तालुक्यात राहून आण्याच्या वाट्याला साधा बुरूजही आलेला नाही. निसर्गाने भरपाई म्हणून घाटात गुळुंचवाडीच्या मळगंगा देवीच्या मंदिरापाशी एक शिळापूल, म्हणजे ओढ्याने खालचा खडक कोरून नेल्यावर वर कमानीसारखा उरलेला कातळ, देऊन ठेवला आहे. परंतु त्याच्यावरून कोणी राजा घोडा फेकत गेल्याची वार्ता नसल्याने इतिहासप्रेमी मंडळांचा जीव तेथे रमत नाही.

गर्दी कशी जमवावी हे मात्र आण्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीच्या यात्रेत मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, गावोगावच्या चुलींवरून भाकऱ्यांच्या राशी येऊन पडतात आणि पंगतीमागून पंगती उठतात. या सगळ्याला ना बोधचिन्ह, ना घोषवाक्य. दुर्गसंवर्धन मंडळ, म्हणजे सुट्टीच्या दिवशी गडावर जाऊन झुडपे तोडणाऱ्या, टाक्यांतला गाळ उपसणाऱ्या आणि उरलेल्या वेळात विकास आराखडे तयार करणाऱ्या तरुणांची संघटना, हिची रीत नेमकी उलटी असते: आधी बोधचिन्ह ठरते, मग टी-शर्टाचा रंग, मग शुभारंभाला कोणाला बोलवायचे यावरून दोन गट पडतात, आणि जेवणाचे काय हा प्रश्न सर्वजण गडमाथ्यावर पोचल्यानंतर चर्चेला येतो.

आण्याहून निघालेला प्रवासी घाट उतरतो, सोमवार असल्यास बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या बैलांना वाट देतो आणि आळेफाटा व नारायणगाव मागे टाकून जुन्नरला येतो, तेव्हा स्वागताच्या फलकांची संख्या वाढू लागल्याचे त्याच्या लक्षात येते. राज्य शासनाने २०१८ मध्ये या तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत शिवनेरीही होता. एका किल्ल्याचे नाव लागले म्हटल्यावर शेजारच्या प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी ‘आपले का नाही’ हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविकच होते, आणि तेथूनच आराखड्यांना बहर येतो.

या आराखड्यांची मूळ अडचण अशी की, किल्ला ही वास्तूच मुळी लोकांनी येऊ नये म्हणून बांधलेली असते. शिवनेरीला एकामागून एक सात दरवाजे आहेत आणि त्यांतल्या एकाचे नावच परवानगीचा दरवाजा आहे. पाहुण्याचा दम आणि उत्साह दोन्ही वाटेतच संपावेत हा त्यामागचा हेतू आजही शिवजयंतीच्या गर्दीत अंशतः सफल होताना दिसतो. हडसरचा दरवाजा गोमुखी घडणीचा आहे, म्हणजे वाटेला असे वळण दिलेले की, शत्रू अगदी जवळ येईपर्यंत त्याला दरवाजा दिसूच नये. ज्या कारागिरांनी कातळ खोदून तो दडवला, त्यांच्या मेहनतीवर एक डबा रंग आणि एक ठळक बाण किती सहज पाणी फिरवू शकतो, याचा विचार फलक-समितीने अवश्य करावा. सतराव्या शतकात जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य शिवनेरीवर गेला, तेव्हा हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका शिधा वर असल्याची नोंद त्याने केली. आजच्या पर्यटकाचा शिधा वेफर्सच्या एका पुड्यात मावतो आणि पुडा मात्र गडावर सात वर्षांहून अधिक काळ टिकतो.

हा विरोधाभास चावंडवर सर्वांत स्पष्ट दिसतो. जुन्नरहून आपटाळ्यावरून चावंडवाडीला आल्यावर समोर जो कडा उभा राहतो, तो पाहून अहमदनगरच्या निजामशाहीतील सरदारांनी गादीचा अल्पवयीन वारस बहादूर याला कैदेत ठेवण्यासाठी ही जागा का निवडली असावी, याचा उलगडा होतो. माथ्यावर चामुंडा देवीचे मंदिर आणि खडकात खोदलेली सात टाकी, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे हौद, असून ती सप्तमातृकांच्या, म्हणजे सात मातृदेवतांच्या, नावाने ओळखली जातात. कोणते टाके कोणत्या मातृकेचे यावर मतभेद सुरू झाला की सूर्यास्तापर्यंत दुसरा विषय निघत नाही. मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या फौजेने तोफा डागून गड घेतला आणि पुन्हा कोणी वर बसू नये म्हणून पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. इंग्रजांना ही विद्या नवी नव्हती. त्यांच्याच पार्लमेंटने १६४६ मध्ये डॉर्सेटमधील कॉर्फचा किल्ला असाच पाडला होता, आणि आज त्या ढिगाऱ्यावर नॅशनल ट्रस्ट ही संस्था तिकीट लावते. मोडतोडीतूनही उत्पन्न निघते हे तेथे सिद्ध झालेले असल्याने, चावंडच्या फुटक्या पायऱ्या सिमेंटने लिंपून गुळगुळीत करण्याची सूचना ज्याच्या डोक्यात येईल, त्याला त्याच पायऱ्यांवरून दोनदा चढउतार करायला लावणे इष्ट ठरेल.

या पायऱ्यांच्या कडेला एक लहान तोफ खडकात उभी रोवलेली आहे आणि तिचा उपयोग आधाराच्या खुंटासारखा होतो. महाराष्ट्रात अनेक गडांवर हौशी मंडळांनी पदरमोड करून सागवानी दरवाजे आणि तोफगाडे, म्हणजे तोफ ठेवण्याचे चाकांचे लाकडी गाडे, बसवले आहेत, आणि ते काम निःसंशय स्तुत्य आहे; त्यामुळे चावंडच्या तोफेलाही गाड्यावर चढवून पायथ्याच्या नियोजित स्वागत कमानीशेजारी मानाने ठेवावे, हा विचार कोणत्याही मंडळाच्या मनात येणारच. परंतु तोफ उपटली तर ऐन अवघड जागी धरायला काही उरत नाही, आणि न उपटावी तर शस्त्राचा अवमान होतो. अशा पेचात मंडळे जे करतात तेच येथेही संभवते: उपसमिती नेमली जाते, विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब होतो, आणि सर्व सभासद एकेक करून त्याच तोफेला घट्ट धरून खाली उतरतात.