बसा की गुरुजी, सोडतो!

हिमायतनगरात बिनकामाचं चालणं सोपं नाही. माणूस पायी दिसला म्हणजे त्याची गाडी बिघडली असणार, नाहीतर पेट्रोल संपलं असणार, असा गावाचा सरळ हिशोब आहे. त्यामुळे रक्तातली साखर बघून डॉक्टरांनी "रोज अर्धा तास चाला" म्हटल्यावर निवृत्त गुरुजींनी परमेश्वर मंदिरापासून रेल्वे स्टेशनचा रस्ता धरला, तर दोनशे पावलांत तीन मोटारसायकली थांबल्या. "बसा की गुरुजी, सोडतो." तिघंही जुने विद्यार्थी. दोघांना कसंबसं टाळलं, तिसऱ्याला नाही म्हणवेना. गुरुजी स्टेशनवर जाऊन आले, व्यायाम मोटारसायकलला झाला.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं अंग हलवायला सांगते. संघटनेचं कुणी हिमायतनगरात पायी फिरून गेलेलं दिसत नाही. या गावाचं जुनं नाव वाढोणा. कागदोपत्री ते बदललं, पण गुरुजींच्या पोटानं जुनंच धरून ठेवलं होतं.

मग दिवाळीत पुण्याहून मुलगा आला आणि जाताना आपला लॅब्रॅडॉर मागे ठेवून गेला. त्याचं नाव ब्रूनो. काकूंनी दोन दिवसांत त्याचा 'बुरन्या' केला, आणि भाकरी बुरन्याच्याच नावानं पडत असल्यामुळे त्यानंही तक्रार केली नाही.

बुरन्याचा पहिला फायदा वैद्यकीय ठरला: लिफ्ट बंद झाली. चौतीस किलोचं जनावर मोटारसायकलवर कुठं बसवणार? गाड्या अजूनही थांबत, पण नुसत्या चौकशीला. "चावतंय का वो?" "केवढ्याला पडलं?" "खायाला काय लागतं याला?" गुरुजी उत्तरं देत आणि चालत राहत. तीस वर्षं वर्गात एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते.

आता चालत राहत म्हणायचं, पण तो हिशोब पावलांचा नव्हता, खांबांचा होता. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. म्हणजे गुरुजींना जो नुसता विजेचा खांब दिसतो, तो बुरन्याला आख्खा पेपर असतो: रात्री कोण येऊन गेलं, काय खाऊन आलं होतं, कुणाची तब्येत बिघडलीय. मथळ्यांवर भागवणाऱ्यातला बुरन्या नाही. तो छोट्या जाहिरातींसकट वाचून काढतो, आणि शेवटी तंगडी वर करून वाचकांचा पत्रव्यवहारही उरकतो. तोवर गुरुजी दोरी धरून उभे. डॉक्टरांच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं ग्रंथालयात जायची.

उरलेली दहा भज्यांच्या गाड्यापाशी. लॅब्रॅडॉरच्या भुकेवर केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. साधारण दर चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते, त्यांचं वजनही जास्त भरतं. गुरुजींनी ही बातमी वाचली आणि काकूंना मोठ्यानं वाचून दाखवली. "त्याचं जनुक गळालंय," काकू म्हणाल्या, "तुमचं काय?" भज्यांचा कागद दोघांच्याही तोंडाला लागलेला होता.

उन्हाळ्यात मात्र खरी पंचाईत झाली. माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळता वाळता अंग गार करतो. कुत्र्याचा घाम पंजाच्या तळव्यापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर, धापा टाकून. त्याचं अंग मुळातच ३८-३९ अंशांवर असतं, ४१च्या पुढे गेलं की जिवाशी गाठ. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हात दम धरायला निसर्गानं गुरुजींना घडवलंय, बुरन्याला नाही. उभ्या आयुष्यात गुरुजींना पहिल्यांदाच कुणाहून तरी जास्त धडधाकट असल्याचा आनंद झाला.

डांबर किती तापलंय हे बघायला पालथा हात रस्त्यावर टेकवायचा. पाच-सात सेकंद ठेववला नाही तर कुत्र्याला त्यावर चालवायचं नाही. हे कुणीतरी सांगितल्यावर गुरुजी एका मे महिन्यात सकाळी साडेआठला भर रस्त्यात वाकून हात टेकवून बसले. दोन मिनिटांत पाच माणसं जमली. "गुरुजी, काय हरवलं वो?" एकानं पाणी आणलं. एका म्हातारीनं, कसलं का असेना म्हणून, रस्त्याला नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून दोघं पहाटे पाचला निघू लागले.

खरं तर कुत्र्यांसोबत चालण्याची परंपरा याच जिल्ह्यातली. दत्तप्रभूंची दिनचर्या सगळ्यांना पाठ आहे: काशीला स्नान, कोल्हापुरात भिक्षा आणि रात्री माहूरगडावर निद्रा. सोबत चार कुत्री. त्यांना चार वेद म्हणतात. सहा हात असून एकातही पट्टा नाही, आणि चौघांपैकी कुणी खांबापाशी रेंगाळल्याचं ऐकिवात नाही. तिकडे लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. खंडोबापाशीही कुत्रं असतंच. तिथं घोडे, गाढवं, उंट यांच्या जोडीनं कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. गुरुजी एका वर्षी बुरन्याला घेऊन गेले. तिथले कारवान कुत्रे बघितले: पाठीला टेकलेलं पोट, उंच पाय, बाणासारखं तोंड. सशामागे धावण्यासाठीच जन्माला आलेली जात. त्यांचा मालकही तसाच, काटकुळा. त्यानं आधी बुरन्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे, आणि आदरानं म्हणाला, "दोघांची तब्येत चांगलीय."

त्या शब्दानं गुरुजी पेटले. खांब कमी केले, भजी बंद. एका गल्लीतल्या पाच कुत्र्यांनी हद्द ओलांडल्याबद्दल जाब विचारला, तेव्हा तर दोघांनी वेगाचा असा विक्रम केला, की तो पुन्हा मोडायची दोघांचीही इच्छा नाही. खरं तर अशा वेळी पळायचं नसतं, जागच्या जागी शांत उभं राहायचं असतं. गुरुजींना हे माहीत होतं. पायांना नव्हतं.

परवा मात्र स्टेशनच्या रस्त्यावर मागून टेम्पो आला. भाजी टाकून रिकामा परत चाललेला. काच खाली झाली. विद्यार्थीच.

"बसा की गुरुजी, सोडतो. हौदा मोकळाच हाय, दोघंबी बसा."

गुरुजींनी निर्धारानं मान हलवली आणि नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हातातल्या दोरीला हिसका बसला. निघाल्यापासून पाय ओढत चाललेला बुरन्या एका झेपेत हौद्यात चढला होता, आणि कोबीचं एक पान तोंडात धरून वरून बघत होता.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.